पडद्यावरचे ऐंशी अंश

यवतमाळच्या ज्या कॉलेजात उज्ज्वला राठोड तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची, तिथल्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेच्या दाराआड एक मशीन होतं. त्याला हात लावायची मुभा दोघांनाच होती. एक विभागप्रमुख डॉ. नीळकंठ पांढरीपांडे आणि दुसरी त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी उज्ज्वला. मशीन म्हणजे घरातल्या मायक्रोवेव्हचा मोठा भाऊ, फक्त अन्नाऐवजी रसायनं तापवणारा. जाड काचेच्या बोटभर नळीत मिश्रण भरायचं, नळीचं तोंड बंद करायचं, मशीनच्या गळ्यात ती सोडायची आणि किती अंश हवेत ते बटणांनी सांगायचं. मशीन सूक्ष्मलहरी सोडून मिश्रण तापवायचं आणि तापमान पडद्यावर दाखवायचं.

उज्ज्वला आर्णीजवळच्या बंजारा तांड्यातली. रामलाल आणि हंसाबाईची थोरली. पुसदला वसतिगृहात राहून तिनं बी.एस्सी. केलं, एम.एस्सी.ला यवतमाळला आली आणि मग इथेच राहिली. तांड्यावर गेली की बाया विचारायच्या, तू करतेस तरी काय? ती सांगायची, "दोन पदार्थ एकत्र करतो, तापवतो, तिसरा होते का ते पाहतो." त्यावर हंसाबाई म्हणायची, "म्हंजे सैपाकच की." उज्ज्वलाला हसू यायचं, पण तिला ते फारसं खोटंही वाटायचं नाही.

पांढरीपांडे सरांचा तिच्यावर जीव होता. लग्नाआधी ती तापानं फणफणली होती तेव्हा त्यांच्या पत्नी कुंदाताई आठवडाभर तिच्या खोलीवर डबा पोचवत होत्या. सरांनी तिचं इंग्रजी ओळ न् ओळ सुधारून दिलं होतं. शिकवताना ते तिला 'बेटा' म्हणायचे, आणि त्या शब्दात दिखावा नसायचा.

सरांच्या नावावर एक शोध होता. रंगाच्या कारखान्यांना लागणारा एक पिवळा पदार्थ आहे. साध्या पद्धतीनं, गरम तेलात नळी बुडवून, ऐंशी अंशांवर तो दिवसभरात अर्धासुद्धा तयार होत नाही. सरांच्या मशीनमध्ये मात्र ऐंशी अंशांवरच, चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात, पूर्ण तयार व्हायचा. त्यांची पद्धत अशी, की नळीवर बाहेरून गार हवेचा झोत सोडायचा. त्यामुळे तापमान वाढत नाही आणि लहरींचा जोर मात्र हवा तेवढा वाढवता येतो. सरांचं म्हणणं, या लहरींमध्ये उष्णतेच्या पलीकडची काही ताकद आहे. तसा लेख छापून आला होता. त्यावर सरांच्या नावाखाली उज्ज्वलाचंही नाव होतं, आणि तो अंक रामलालनं घरात देवापाशी ठेवला होता.

एक गोष्ट मात्र तिच्या मनाला टोचायची. मशीन बंद झालं, झोत थांबला, की आकडा खाली यायला हवा. तो आधी वर जायचा. ऐंशीचा पंच्याऐंशी, नव्वद, कधी शंभराच्या जवळ. मग सावकाश उतरायचा. सरांना विचारलं तर ते म्हणायचे, "मशीन जरा आळशी आहे बेटा. आधीचं उशिरानं दाखवतं."

तेव्हा तिनं ते ऐकलं. मशीनचं तापमान मोजणारा डोळा नळीच्या खाली बसवलेला होता आणि त्याला फक्त काचेची बाहेरची बाजू दिसायची. आतलं तापमान कळावं म्हणून मशीनसोबत काचतंतूची एक बारीक सळई आली होती, ती थेट मिश्रणात बुडवायची. पहिल्याच वर्षी ती तुटली. नव्या सळईची मागणी ऑफिसात पडून होती. धातूचा तापमापक घालावा तर लहरी त्याच्यावर ठिणग्या पाडतात. म्हणून सगळं काम त्या खालच्या डोळ्यावर चालायचं, आणि आपण नळीचं कातडं मोजतोय हे दोघंही हळूहळू विसरले होते.

त्या वर्षी कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा सरांचा मुलगा क्षितिज पुण्याची नोकरी सोडून गावी आला. वडिलांच्या पद्धतीनं तो पिवळा पदार्थ मोठ्या प्रमाणावर काढायचा असं त्यानं ठरवलं होतं. गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत त्यानं पत्र्याचं शेड घेतलं आणि घागरीएवढ्या काचेच्या भांड्याचं मोठं मायक्रोवेव्ह यंत्र बनवून आणलं. त्यालाही तसाच बाहेरून पाहणारा डोळा होता, तसाच हवेचा झोत. ते चालवायला माणूस हवा होता. उज्ज्वलाचा नवरा इंद्रजीत चव्हाण आयटीआय झालेला, बॉयलरवर काम केलेला. उज्ज्वलानंच त्याचं नाव सुचवलं.

पूजेच्या दिवशी क्षितिजनं तिला शेड दाखवलं. पिवळ्या पदार्थाची एक खोड होती. एकशे सत्तर अंशांच्या आसपास तो स्वतःहून फुटायला लागतो, वायू सोडतो, आणि एकदा सुरू झाला की त्याला बाहेरून उष्णता लागत नाही.

"पण आपण ऐंशीवर आहोत ताई," क्षितिज म्हणाला. "केवढं अंतर आहे!"

उज्ज्वलानं मान डोलावली. परतताना गाडीवर इंद्रजीतच्या मागे बसून ती विचार करत राहिली. लॅबमधल्या नळीतलं मिश्रण पिठल्यासारखं घट्ट असतं, ढवळणारा छोटा चुंबक त्यात नीट फिरतही नाही. घागरीएवढ्या भांड्यात काय होईल? आणि तो आकडा बंद केल्यावर वर का जातो?

दुसऱ्या दिवशी तिनं एक साधा उपाय केला. पहिल्या वर्षाच्या मुलांना द्रवणांक काढायला देतात ते पदार्थ कपाटातून काढले. प्रत्येक शुद्ध पदार्थ ठरलेल्या तापमानाला वितळतो, त्याच्या आधी नाही. नॅफ्थलीन, म्हणजे डांबरगोळी, ऐंशीला. ॲसिटॅनिलाइड एकशे चौदाला. बेंझोइक आम्ल एकशे बावीसला. युरिया एकशे तेहतीसला. सॅलिसिलिक आम्ल एकशे एकोणसाठला. सुईसारख्या बारीक काचनळ्यांत एकेकाची चिमूट भरून तिनं दोन्ही तोंडं ज्योतीवर बंद केली. एक नळी मिश्रणात बुडवायची, मशीन नेहमीसारखं चालवायचं आणि काढून पाहायचं. दाणे तसेच राहिले तर आतलं तापमान तिथवर गेलं नाही. वितळून गोठलेला गोळा दिसला तर गेलं.

डांबरगोळी वितळली. ते चालण्यासारखं होतं. ॲसिटॅनिलाइड बाहेर आलं तेव्हा ते नळीत एका बाजूला साईसारखं चिकटलं होतं. पडद्यावर पूर्ण वेळ ऐंशी होते. तिनं बेंझोइक आम्ल घातलं. तेही वितळलं. आता तिला पुढची नळी घालायची भीती वाटायला लागली. खिडकीबाहेर मुलं गाड्या काढत होती, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, दुपारचं लख्ख ऊन फरशीवर पडलं होतं, आणि हवेचा झोत सूं सूं करत ऐंशीचा आकडा धरून बसला होता. युरिया वितळला. सॅलिसिलिक आम्लाचे दाणे बहुतेक शाबूत होते, पण काचेला टेकलेली एक कड ओघळली होती.

म्हणजे आत दीडशेच्या वर काहीतरी होतं. लहरींमध्ये कसली वेगळी ताकद नव्हती. मिश्रण आतून भाजत होतं, बाहेरची काच झोतानं गार राहत होती, आणि मशीन ती गार काच मोजत होतं.

तिनं सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून नळ्या एकेक करून उजेडात धरल्या.

"नळी कडेला टेकली असेल," ते म्हणाले. "एखादा ठिपका तापतो, बेटा. सगळं मिश्रण नाही."

"सर, तुमच्यासमोर परत करते."

तिनं परत केलं. युरियाची नळी मधोमध राहील अशी बसवली. बाहेर काढली तेव्हा दाण्यांचा गोळा झालेला होता. सर स्टुलावर बसले. निवृत्तीला त्यांचे थोडेच महिने उरले होते.

"कुणाला बोललीस?"

"कोणालेच नाही सर," गडबडीत तिची घरची बोली बाहेर आली. "पण क्षितिजची पहिली बॅच बुधवारी आहे. त्याच्या भांड्याची उष्णता एवढ्या लवकर बाहेर पडणार नाही. एकशे सत्तर फार लांब नाही आता."

"मी सांगतो त्याला," सर म्हणाले. "मी बोलतो. तू बोलू नको, बापाकडून ऐकलेलं बरं." आणि दारापाशी थांबून म्हणाले, "चांगलं केलंस."

घरी तिनं इंद्रजीतला सांगितलं. तो कांदा चिरत होता.

"रताळं भाजलं का वरून हातात धरता येते," ती म्हणाली, "पन फोडलं का आत केवढं गरम राह्यते! तुमचं मशीन वरचं साल मोजून राह्यलं."

"मंग सायेब आता काय करतीन?"

"सर सांगनार हायेत त्याले. सळई येईपर्यंत बंदच ठेवतीन."

"मंग तू कायले घाबरून राह्यली?"

तिनं गॅस पेटवून कढई ठेवली. सरांनी शब्द दिला होता आणि तिला त्यावर विश्वास ठेवायचा होता.

सोमवारी ती दुसरा तास संपवून बाहेर आली आणि मोबाईल पाहिला. इंद्रजीतचा निरोप होता. पार्टी उद्या माल पाहायला येणार, म्हणून बुधवारची बॅच आजच लावली. शेडमध्ये मोबाईल नेत नसत, गेटवरच्या बळीरामकडे जमा करावे लागत. तिनं लावून पाहिला, बंद होता. क्षितिजचा नुसता वाजत राहिला. मग तिनं सरांना लावला.

"सर, बॅच आज लागली. तुम्ही बोललात ना त्याच्याशी?"

"बोललो बेटा. बोललो मी."

"काय बोललात?"

मग सर म्हणाले, "जपून घे म्हणालो. जोर जरा बेतानं ठेव म्हणालो."

"नळ्यांचं सांगितलं?"

ती पायऱ्या उतरायला लागली होती. तिला तेवढंच ऐकू आलं, "पुण्याहून तो माझ्या भरवशावर आला गं."

तिनं स्कूटी काढली. त्या दिवशी रस्त्यात कापसाच्या गाड्या फार होत्या. जिनिंगकडे वळणाऱ्या एका ट्रॅक्टरमागे ती अडकली. ट्रॉलीतून कापसाचे पुंजके उडून तिच्या अंगावर, हँडलवर येऊन बसत होते. ती हॉर्न वाजवत राहिली. ट्रॅक्टरवाल्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

गेटवर बळीराम खुर्ची टाकून बसला होता. "अवो मॅडम, चप्पल बदला," असं तो म्हणेपर्यंत ती आत गेली होती.

शेडमध्ये सगळं सुरळीत चालू होतं. यंत्र घुमत होतं, झोत वाहत होता. काचेच्या भांड्यातला पिवळा रंग गडद होऊन मधाकडे झुकला होता. इंद्रजीत पडद्यासमोर उभा, बाजूला क्षितिज. पडद्यावर ऐंशी होते, आणि आकडा इतका स्थिर, की चित्रात काढल्यासारखा.

"बंद करा," ती म्हणाली.

क्षितिज हसला. "ताई, तुम्ही? बघा ना, किती सुंदर चाललंय."

"तो आकडा काचेचा आहे. आत कितीतरी जास्त आहे. मी मोजलंय, तुझ्या बाबांसमोर मोजलंय."

"बाबा तर काही..." तो बोलता बोलता थांबला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग इंद्रजीतकडे. इंद्रजीतनं मालकाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. त्यानं लाल बटण दाबलं.

घुमणं थांबलं. लहरी बंद झाल्या आणि त्याच कळीवर असलेला हवेचा झोतही बंद झाला.

आणि आकडा वर जायला लागला.

ऐंशी. सत्त्याऐंशी. शंभर. तिघेही पाहत राहिले. यंत्र बंद होतं, लहरी थांबल्या होत्या, आणि पडद्यावर एकशे बारा होते. काच आता आतलं खरं सांगत होती. एकशे तीस.

"हे कसं..." क्षितिज पुटपुटला.

"बाहेर चला," उज्ज्वला म्हणाली. "सोडा सगळं. चला."

क्षितिज हलेना. तिनं त्याचा दंड धरून ओढला. भांड्यात बुडबुडे दिसायला लागले होते, आधी तळाशी, मग सगळीकडे. ते दारापर्यंत आले. तेवढ्यात इंद्रजीत थांबला.

"झाकनाची वाफेची कळ उघडून येतो," तो म्हणाला. "नाईतं भांडं फुटन. पलीकडच्या शेडात बाया हायेत."

"नका जाऊ!"

"आलोच, वं."

तो आत गेला. तिला कळ फिरल्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड. मग एक लांब फुत्कार. तो संपेचना. शेडच्या दारातून, पत्र्यांच्या फटींतून धूर बाहेर पडायला लागला. त्याचा रंग नारिंगी, तपकिरी होता, वीटभट्टीच्या धुरापेक्षा वेगळा, जड. तो जमिनीलगत सरपटत आला. धुरातून तोंडावर रुमाल धरून इंद्रजीत धडपडत बाहेर आला आणि गेटबाहेरच्या बाभळीखाली उकिडवा बसला.

भांडं फुटलं नाही. कळ उघडली म्हणून वायूला वाट मिळाली आणि माणसं वाचली. आतल्या भांड्यात नंतर काळा कोळसा तेवढा सापडला. पलीकडच्या शेडातल्या बाया पदर नाकाला लावून रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. थोड्या वेळानं वारा सुटला आणि सगळं निवळलं. कुणीतरी पाणी आणलं. इंद्रजीत थोडं खोकला आणि हसला.

"काई नाई झालं," तो म्हणाला. "घसा जरा खवखवते. चाल घरी, भूक लागली मले."

उज्ज्वलाला त्याच्या हसण्याचीच भीती वाटली. तिनं तो धूर ओळखला होता, नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचा. तो घेतलेला माणूस आधी असाच बरा दिसतो, बोलतो, जेवायला मागतो. मग काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं.

"घरी नाई," ती म्हणाली. "दवाखान्यात."

"कायले वं? चांगला तं हावो मी."

"म्हनूनच."

दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला ठेवून घेतलं. दुपारभर तो पलंगावर बसून वॉर्डातल्या लोकांना गोष्टी सांगत होता. बाजूच्या म्हाताऱ्याला त्यानं आपला चहा दिला. उज्ज्वला त्याच्या छातीकडे पाहत होती. दिवे लागायच्या सुमारास तो एका वाक्याच्या मध्ये थांबला, श्वास घेतला, पुढचे दोन शब्द बोलला आणि परत थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच थट्टा नव्हती.

त्यानंतर कितीतरी दिवस तो मास्कमागे होता. रामलाल आणि हंसाबाई तांड्यावरून आले, कापूस तसाच झाडावर सोडून. हंसाबाई जावयाच्या पायांशी बसून राहायची आणि मुलीला एकच विचारायची, "तुले मालूम होतं?"

"होतं याडी," ती आईला म्हणायची.

"मंग?"

आपण स्वतः क्षितिजला का सांगितलं नाही, हे उज्ज्वलानं स्वतःलाही विचारून पाहिलं होतं. सर म्हणाले म्हणून. सर म्हणाले, एवढंच.

सर रोज यायचे. आत यायचे नाहीत, वॉर्डाबाहेरच्या बाकावर हातात फळांची पिशवी घेऊन बसायचे. क्षितिज त्यांच्याशी बोलत नव्हता, हे तिला कुंदाताईंकडून कळलं. एकदा ती बाहेर आली तेव्हा सर उभे राहिले.

"मी त्याला जपून घे म्हणालो होतो," ते म्हणाले.

"सर, थांब म्हणायचं होतं."

"हो." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तेवढंच म्हणायचं होतं."

इंद्रजीत वाचला. पण एक जिना चढला तरी मध्ये बसावं लागतं, आणि थंडीत नुसत्या बोलण्यानंही दम लागतो. तो आता आर्णीला चुलतभावाच्या मोबाईलच्या दुकानात बसतो. क्षितिजनं शेड सोडलं आणि परत पुण्याला गेला, जाण्यापूर्वी इंद्रजीतच्या पाया पडून गेला. सरांनी निवृत्तीच्या आधी मासिकाला स्वतः कळवलं, की आमचं तापमान चुकीचं मोजलं गेलं होतं, लेख मागे घ्यावा. लेख मागे घेतला गेला. रामलालनं तो अंक कुठे ठेवला, हे उज्ज्वलानं विचारलं नाही.

तिनं विषय बदलला. काचतंतूची सळई शेवटी आली, आणि आता ती त्याच पदार्थांचं आतलं आणि बाहेरचं तापमान शेजारी शेजारी मोजते. काम सावकाश चालतं.

पण छापलेलं मागे घेतलं म्हणून वाचलेलं मागे येत नाही. मधल्या काळात तो लेख पुष्कळांनी वापरला होता. त्यातल्या ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना ती एकेक करून कळवते. काहींची उत्तरं येतात, बरीच येत नाहीत.

मागच्या आठवड्यात दोन तासांच्या मधल्या सुट्टीत तिनं दूरच्या एका कारखान्याचा नंबर लावला. एका माणसानं उचलला. आवाज तरुण, उत्साही.

"अच्छा, तुम्ही त्या लेखातल्या मॅडम?" तो हिंदीत म्हणाला. "खूप छान पद्धत आहे. आम्ही मोठं भांडं बसवलंय. आता पहिलीच बॅच चालू आहे."

"आता? आत्ता चालू आहे?"

"हो, समोरच. आकडा अगदी स्थिर आहे."

"तापमान आतून मोजताय की बाहेरून?"

"आतून म्हणजे? मॅडम, एक मिनिट हं, साहेब बोलावताहेत."

फोन कुठेतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. उज्ज्वलानं मोबाईल कानाला घट्ट दाबला. पलीकडे कुणी कुणाशी हसून बोलत होतं, आणि त्यामागे हवेचा झोत एकसारखा वाहत होता.

"हॅलो," ती म्हणाली. व्हरांड्यातून जाणारी पोरं थांबून तिच्याकडे पाहायला लागली, इतक्या मोठ्यानं. "हॅलो! ऐकताय का? हॅलो!"